शब्दाआधीची चांदणी

सबनीसबाईंनी आद्य स्लाव्हिक भाषेतला ‘आई’साठीचा शब्द फळ्यावर सगळ्या विभक्तींत लिहिला आणि प्रत्येक रूपाआधी एक चांदणी काढली.

“चांदणी म्हणजे हा शब्द कुठंही लिहिलेला सापडत नाही. रशियन, पोलिश, चेक या त्या भाषेच्या लेकी. त्यांना शेजारीशेजारी बसवून आपण तो शोधलाय.”

तास संपला. अनाथाश्रमात वाढलेली हर्षदा तेवढी मागं राहिली.

“मॅडम, लेक एकच असेल तर?”

तुलनेला दोन तरी लागतात, हे ठरलेलं उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरगी कानाची पाळी चोळत उभी होती.

“मग तिच्या खोडी बघायच्या. ही कान चोळायची खोड कुणी लावली तुला?”

“कुणीच नाही.”

“म्हणजे आईची असणार.” बाईंनी खडू पुढं केला. “लिही, ‘आई कान चोळायची’. आधी चांदणी काढ.”