खिडकीखालची पिवळी गाडी

पिवळी गाडी वळणावरून गल्लीत शिरली, आणि खिडकीची काच थरथरली नाही.

सुट्टीचा दिवस होता; आलोक खिडकीशी कान देऊन उभा होता. सहा आठवड्यांपूर्वीपर्यंत ही काच रोज संध्याकाळी पाच वाजता थरथरत असे. मोकळ्या सायलेन्सरचा तो आवाज स्फोटासारखा भिंतीभिंतींवर आदळत तिसऱ्या मजल्यापर्यंत चढे. आज खालून आली ती फक्त एक मंद घरघर; कायद्यात बसणारी, सभ्य. कुवेतमधल्या सबाह अल-सालेम वस्तीतल्या त्या गल्लीत समोरच्या कठड्यावरची कबुतरेसुद्धा जागची हलली नाहीत.

"आई, ऐकलंस?" त्याने मागे वळून विचारले.

सरोजिनीबाई स्वयंपाकघरात कुकरसमोर पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. ऐकण्यासारखे आता काही उरलेच नव्हते. त्या गप्प राहण्याचा आलोकने तोच अर्थ लावला.

वडील गेल्यावर त्याने आईला नाशिकहून कुवेतला आणले होते. पहिले काही महिने बरे गेले. मग ती मिटत गेली. मावशीचा फोन आला की "तूच बोल" म्हणून त्याच्या हातात देई. पहाटेची भजने लावायची तिने सोडली. तो दारातून आत आला की दचके, आणि बोलू लागला की त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत राही. एकुलत्या मुलाला ती डोळे भरून पाहते आहे, असे त्याला वाटे. एकदा जेवताना म्हणाली, "मला परत पाठव रे. इथे मी नुसती खुर्चीसारखी आहे." नाशिकचे घर विकून झाले होते. तिथे तिचे म्हणावे असे कुणी नव्हते. परत पाठवणे म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होते.

मग एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याला कारण सापडले. पाच वाजता गाडी गर्जली आणि आई कणकेने माखलेल्या हातांनीच खिडकीकडे धावली. पडद्याआड काय झाले ते त्याला दिसले नाही. ती परतली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

आवाज मोजणे हेच आलोकचे काम होते. पेट्रोकेमिकल कारखान्यातल्या कोणत्या कामगाराचे कान किती गेले, याचे तक्ते तोच ठेवत असे. आता तो सकाळी निघताना आवाजमापक खिडकीबाहेर ठेवू लागला आणि कामावरून आल्यावर आकडे उतरवून घेऊ लागला. चौदा दिवस पाचचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. गाडी नुसती जातही नव्हती. ती थांबून तीनदा गरजत असे. 'मुद्दाम', असे आलोकने अर्जात लिहिले.

कारखान्यातल्या, सरकारी कागदांची वाट ठाऊक असलेल्या झहूरने अर्ज अरबीत उतरवला. "आलोकभाई, जवान लड़के का खिलौना है. छोड़ो ना," तो हसत म्हणाला.

"मेरी माँ का सवाल है, झहूरभाई."

गाडी जप्त झाली. गल्ली शांत झाली. आई मात्र अधिकच मिटली. दुपार कलली की तिचे डोळे घड्याळाकडे जात. ती गाडी परत येईल याचीच धास्ती घेतली असेल, अशी आलोकने मनाची समजूत घातली होती.

आणि आज गाडी आली होती, माणसांत आल्यासारखी. पण ती पुढे गेली नाही. खिडकीखाली थांबली. पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला एक विशीतला तरुण उतरला आणि मान वर करून थेट तिसऱ्या मजल्याकडे पाहू लागला.

तक्रार कुणाची, हे त्या तरुणाला कळले असणार. आयुष्यात कुणाशी न भांडलेला आलोक तीन जिने उतरून खाली गेला.

"सलाम. मैं फारूक," तरुण मोडक्या हिंदीत म्हणाला. "ऊपर तुम्हारा मामा? मामा ठीक है ना? बीमार नहीं?"

"माँ? आप उन्हें कैसे जानते हैं?"

"अरे, मामा तो दोस्त! मैं नीचे आवाज़ करता, मामा खिड़की में आता. मैं तीन बार करता, मामा दोनों हाथ हिलाता, हँसता. रोज़!" त्याने हातांनी ते करून दाखवले. मग तोंड वाकडे केले. "फिर कोई गधा शिकायत किया. छह हफ़्ता गाड़ी अंदर. आज मैं आया, मामा नहीं आया. मामा गुस्सा?"

आलोक दोन-दोन पायऱ्या चढत वर धावला.

घरात कुकरची शिट्टी कानठळ्या बसवत होती. आई तिच्याकडे टक लावून पाहत होती. शिट्टी वर उचलली गेली की एक बोट मुडपत होती.

"आई." ती वळली नाही. "आई!" यंत्रांच्या गोंगाटात मारावी तशी हाक त्याने मारली. तिने फक्त आणखी एक बोट मुडपले.

त्याने खांद्यावर हात ठेवताच ती दचकली. तो तिला हाताला धरून खिडकीशी घेऊन गेला आणि काच सरकवली.

खाली फारूकने दोन्ही हात उंचावले. आईचा चेहरा उजळला; तिनेही दोन्ही हात वर केले. फारूक धावत गाडीत बसला. त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. नव्या सायलेन्सरमधून आलेली प्रत्येक घरघर आलोकला स्वच्छ ऐकू आली.

आई हात तसेच वर धरून वाट पाहत राहिली. मग तिने ते हळूहळू खाली घेतले.

"बंद पडली का रे त्याची गाडी?" ती म्हणाली. "तेवढी एकच ऐकू यायची मला."