अनोळखी नंबर

नवा फोन हातात देताना ओंकारने वडिलांना बजावलं होतं, "आबा, चोर आता माझापण आवाज काढत्यात. नंबर अनोळखी असंल तर फोन कापायचा." आठवड्यातच तसा फोन आला. "काका, ओंकारला कंपनीत अपघात झालाय. ऑपरेशनला तुमची सही पाहिजे, लगेच तळेगावला या." आबा हसले. "लेका, त्याच्याच नंबरवरनं बोल की!" "त्याचा फोन फुटलाय. घ्या, त्याच्याशीच बोला." क्षीण आवाज आला, "आबा, मीच हाय. सकाळी मोटर बंद करायची राहिली बघा." "हुबेहूब काढलास, गड्या!" म्हणत आबांनी नंबर ब्लॉक केला. तेवढ्यात ओंकारची आई शेतातून तणतणत आली. "तुमच्या लेकानं मोटर चालूच ठेवली. भाताचं रोप बुडालं!" आबांना तो नंबर सापडेना. शेजाऱ्याने शोधून देईपर्यंत तास गेला. पलीकडचा आवाज आता शांत होता. "काका, सावकाश या."