औंदाचा बॅनर

गेवराईत बॅनर बनवणाऱ्या आम्रपालीनं प्लास्टिकचा फ्लेक्स कायमचा बंद करून फक्त कापडावर छपाई सुरू केली, आणि पहिल्याच आठवड्यात पुढाऱ्याचा माणूस हनुमान दुकानात घुसला.

"ताई, साहेबांच्या वाढदिवसाला कापड? भर चौकात इज्जत काढता का? फ्लेक्स द्या, न्हाई तर उद्यापासून हे दुकान कसं चालतंय तेच बघतो," म्हणत त्यानं शटर अर्ध्यावर खेचलं.

आम्रपालीनं शब्द मागं घेतला नाही. "फ्लेक्स कुजत न्हाई, जाळला तर विषारी धूर होतो. माझ्याकडं कापडच मिळंल."

दोन दिवस तिनं भीत भीतच शटर उघडलं. तिसऱ्या दिवशी खुद्द साहेबांचा निरोप आला, "कापडच लावा, पेपरात नाव होईल." चौकात कापडी बॅनर झळकला, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

वाढदिवस उलटला आणि मुक्ताबाई दारात आली. ऊसतोडीला निघताना ती दरसाल इथूनच उतरवलेला बॅनर न्यायची. उसाच्या फडात तिच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, तोच छप्पर म्हणून असायचा.

"पोरी, उद्या टोळी निघायली. औंदाचा बॅनर?"

आम्रपालीनं मोठ्या अभिमानानं कापडाची घडी तिच्या हातात ठेवली.

मुक्ताबाईनं ती उलगडली, दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरली आणि खालूनच म्हणाली, "जरा वरून तांब्याभर पाणी वत बरं."