गुलाबी डुक्कर

आज आर्डिसला डुक्कर घरी न्यायचं होतं.

चर्चच्या तळघरात दर सोमवारी सकाळी म्हाताऱ्या बाया वजन करायला जमतात. जिचं वाढलं तिने ते मातीचं गुलाबी डुक्कर घरी न्यायचं आणि आठवडाभर स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. जिचं उतरलं तिला टाळ्या. आर्डिसने ते डुक्कर इतक्या वेळा नेलंय की त्याचा एक कान तिच्याच घरी तुटला आणि तिनेच तो चिकटवला.

काट्यावर चढण्याआधी बाया जमेल ते उतरवतात. बूट, पट्टा, घड्याळ. ट्वायला तर कवळीसुद्धा काढून रुमालात ठेवते. आर्डिसने आज उलटं केलं होतं. मेलेल्या नवऱ्याच्या मासेमारीच्या पेटीतले शिशाचे गोळे स्वेटरच्या दोन्ही खिशांत भरून आली होती. काटा एकदा वर जावा. एकदाच. त्याने काय होणार होतं? काही नाही. पण खिडकीत डुक्कर दिसलं असतं, आणि तेवढा आठवडा तरी झोप लागली असती.

कारण वजन उतरवायची सुई तिने मक्याच्या कापणीच्या सुमारास सोडली होती. आता हिवाळा सरून तळ्यावरचा बर्फ फुटायला आला, आणि वजन उतरतच होतं.

डॉक्टरला तिने सांगितलं होतं, बरगडीखाली दुखतं. जाड बाईला डॉक्टरकडे एकच रोग असतो. गुडघा दुखला, वजन. धाप लागली, वजन. लग्न झाल्यापासून तिने हेच ऐकलं. या खेपेला त्या पोरगेल्या डॉक्टरने पडद्यावरचा आकडा बघितला आणि खूष झाला. "औषध मस्त लागू पडलंय, आर्डिस! पोट थोडं दुखायचंच." मी ते घेत नाही, हे तिच्या तोंडातून निघेपर्यंत तो पुढच्या पेशंटच्या खोलीत गेला होता.

"चढ गं, झोपलीस का?" लाव्हॉन म्हणाली. काटा वाचायचं काम लाव्हॉनचं. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी.

आर्डिस चढली. लाव्हॉनने काट्याच्या दांडीवरचं माप डावीकडे, कमी आकड्याकडे सरकवलं. मग आणखी सरकवलं. आर्डिसने डोळे मिटून घेतले.

"चार पौंड कमी!"

टाळ्या पडल्या. वर्षाचा निकालही तिथेच लागला. सगळ्यांत जास्त उतरलेली ती यंदाची राणी. कपाटातून पत्र्याचा मुकुट निघाला.

"मुकुट औषधाच्या दुकानदाराला घाला," ट्वायला कवळी बसवत म्हणाली. आज तिचं वाढलं होतं, डुक्कर तिच्या मांडीवर होतं. "आम्ही वर्षभर कोबी चावायचा आणि हिने सुई टोचून आरामात बसायचं. असली राणी तर मीपण होईन."

"तू आधी गाडीत बसून केक खायचं सोड," लाव्हॉन म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या.

"मी सुई घेत नाही," आर्डिस म्हणाली. "कापणीपासून घेतलेली नाही."

सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं.

आर्डिस थांबली. आता कुणीतरी विचारेल. निम्म्याअधिक जणींनी नवरे पुरलेत, आजार बघितलेत. एकीला तरी कळेल.

"सुईशिवाय?" ट्वायलाने तोंडावर हात नेला. "अगं बाई, आणि मी मेली काय काय बोलले!" ती डुक्कर बगलेत मारून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. मग सगळ्याच उठल्या.

आर्डिसने खिशात हात घातला. मूठभर गोळे काढले, कॉफीच्या कपांशेजारी टेबलावर ठेवले. दुसरा खिसा रिकामा केला. एक गोळा घरंगळत खाली गेला.

"हे अंगावर होतं माझ्या," ती म्हणाली. "हे धरून चार कमी भरले."

"म्हणजे खरं अजूनच उतरलंय!" ट्वायला किंचाळली. "बघा गं, आपलं कौतुक होऊ नये म्हणून शिसं भरून आली ही!"

आता टाळ्यांबरोबर पायही आपटायला लागले. मूर्ख नव्हत्या त्या बाया. काटा खाली गेला की बाई जिंकली, एवढंच त्यांना जन्मभर शिकवलं होतं, आणि त्या नीट शिकल्या होत्या.

लाव्हॉनने मुकुट चढवला. तो घसरून आर्डिसच्या भुवयांवर आला. लाव्हॉनने तोंडात पिना धरल्या, एकेक पिन केसांत खोवायला लागली, आणि तिची बोटं कानशिलाच्या खळग्यात अडकली. असा खळगा तिने एकदा ओल्या फडक्याने पुसला होता. आपल्या नवऱ्याचा, त्याच्या शेवटच्या आठवड्यात.

तिने तोंडातल्या पिना काढल्या.

"आर्डिस," ती कानाशी लागून म्हणाली. "कुठे दुखतंय गं?"

आर्डिसने लाव्हॉनचा हात धरला, स्वेटरखाली नेला आणि बरगडीच्या खाली दाबून ठेवला. लाव्हॉनचा हात तिथेच राहिला. बोटांखाली टणक गाठ होती.

समोर ट्वायला एका बगलेत डुक्कर सांभाळत फोटो काढायला फोन डोळ्यांशी धरून उभी होती.

"हात काढ की गं लाव्हॉन," ती ओरडली. "कंबर दिसू दे तिची!"