अकरा ते सहा ठिपके

चैत्राली जिना उतरून खाली आली, तेव्हा शीलाआत्या डायनिंग टेबलापाशी पदराला हात पुसत उभी होती. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"बघ," ती म्हणाली, "तुझं राहिलं होतं ना, ते पुरं करून टाकलं."

टेबलावर चैत्रालीनं रात्री सुकायला ठेवलेलं चित्र होतं. वरच्या अर्ध्या कागदावर रंगीत ठिपक्यांची दाटी. खालचा अर्धा जवळजवळ पांढरा, त्यावर फिकट निळे-करडे ठिपके, विरळ विरळ. पहाटे पाणी प्यायला बेसमेंटमधून वर आलेल्या शीलाची नजर आधी त्या खालच्या भागावरच गेली. पोरीनं ठिपके काढले आणि जोडायचे राहून गेले, असं तिला वाटलं. नागपूरला जिच्या दारात तीस वर्षं रोज रांगोळी पडली, तिला दुसरं वाटणार तरी काय? ठिपके एका ओळीत नव्हते. लेकराला मोजता आले नसतील, म्हणून तिनं मधेमधे भरीचे घातले, अकरा ते सहा नीट बसवले आणि तिथंच पडलेल्या निळ्या मार्करनं कमळं जोडली. हात कुठं अडला नाही. धाकट्या भावाच्या, संजयच्या, परदेशातल्या या मिल्टनच्या घरात येऊन तिला तीन महिने झाले होते आणि तिच्या हाताला काही कामच नव्हतं. भांडी मशीन घासायचं, पोळ्या पाकिटातून यायच्या. आज पहिल्यांदा तिला बरं वाटलं होतं.

चैत्राली चित्राकडे बघत राहिली.

"व्हॉट डिड यू डू?" तिनं विचारलं.

स्वयंपाकघरातून तिची आई, अरुणा, बाहेर आली. टेबलाकडे पाहून तिनं हातातला कप खाली ठेवला.

"ताई, ते पूर्ण झालेलं होतं हो. आज अकरा वाजता ऑडिशन आहे तिची, आर्ट्स स्कूलची. एक पीस घरी करून न्यायचा असतो, एखाद्या फेमस आर्टिस्टच्या स्टाइलमध्ये. तो एक फ्रेंच पेंटर होता ना, नुसत्या डॉट्सनी पेंट करायचा, त्याच्यासारखं. तीन आठवडे वर खोलीत बसून करत होती ती. कापसाच्या इअरबडनं. एकेक ठिपका."

"पण मग जोडणार कधी होती?" शीलानं विचारलं.

तिनं अगदी सरळ विचारलं होतं.

संजयनं बहिणीचा हात धरला आणि तिला जिन्याच्या चार पायऱ्या वर नेलं. "इथून बघ, ताई."

शीलानं वळून पाहिलं. ठिपके कुठं गेले कोण जाणे. खाली टेबलावर त्यांचीच गल्ली होती. ओळीनं गॅरेजची दारं, वर संध्याकाळचं आभाळ, आणि समोर बर्फ. खरा बर्फ, सावल्यांची निळसर झाक असलेला, खिडकीतून रोज दिसायचा तसा. त्या बर्फावर ठसठशीत निळी कमळं उमटली होती. शीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोडता येईल का रे?"

"नाही, ताई. आणि दुसरं करायला वेळ नाही. असू दे आता."

त्यापेक्षा तो रागावला असता तर बरं झालं असतं.

चैत्राली रडली नाही, ओरडली नाही. "इट्स ओके, आत्या," असं तिच्याकडे न बघताच म्हणाली, चित्र एका मोठ्या काळ्या गार्बेज बॅगेत सरकवलं आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. न्यायला दुसरं काही नव्हतंच. तिघांना घेऊन गाडी निघून गेली.

घर एकदम गप्प झालं. शीला या खोलीतून त्या खोलीत फिरली. मग तिला दारातली पायरी आठवली. रात्रीचा पाऊस गोठून पायरीवर पांढरा कडक थर बसला होता. परत येताना पोर घसरून पडली, तर त्याचंही खापर आपल्यावरच. दाराशी संजय मिठाची बादली ठेवायचा. मूठ भरून फेकायची, की बर्फ वितळतो, हे त्यानं तिला शिकवलं होतं.

तिनं अंगावर संजयचं जॅकेट चढवलं, मूठ भरली आणि वाकली. पण मूठ उघडलीच नाही. चिमटीतून मिठाचा एक ठिपका पडला. शेजारी दुसरा. अकरा झाले, मग वरखाली दहा-दहा, नऊ-नऊ, थेट सहापर्यंत. बोटं बधिर झाली. पुन्हा मूठ भरून ती पहिल्या ठिपक्यावर आली, रेघ ओढायला. तिथं तिचा हात थांबला. मूठभर मीठ तिनं बादलीत परत टाकलं आणि ती आत गेली.

दोन वाजता गाडी आली. शीलानं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. काळी बॅग छातीशी धरून चैत्राली पुढं आली आणि पायरीपाशी थांबली. मिठानं बर्फ खाल्ला होता. पांढऱ्या थरात खालचं काळं सिमेंट ठिपक्याठिपक्यांनी वर आलं होतं, अकरा ते सहा, एकही चुकलेला नव्हता.

"ताई, हे असं काय?" मागून संजय म्हणाला. "सगळीकडे पसरायचं असतं."

चैत्राली बघत होती. "आत्या, तू जोडले का नाहीस?" तिनं मराठीत विचारलं.

"तुला विचारायचं होतं," शीला म्हणाली.

पायरीची कड धरून, बाजूच्या बर्फाच्या ढिगात गुडघ्यापर्यंत पाय रुतवत, एकाही ठिपक्यावर पाय न देता चैत्राली आत गेली.