नवीआईचा तामडा

“आई, जरा दिव्याखाली या, म्हणजे नीट दिसेल,” सराफ म्हणाला आणि नवीआई खुर्चीसकट पुढं सरकली. ‘आई’ अशी हाक आली की तिला दुसऱ्यांदा बोलवावं लागत नसे. घरात ती हाक नव्हती. मुलगा रांगत होता तेव्हा ती दुसरेपणावर या घरात आली. आता त्याच्या कानशिलावर पांढरा केस दिसायला लागला, तरी ही नवीच. त्या घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूचं नवेपण इतकं टिकलं नव्हतं.

सराफानं मखमलीवर अंगठी ठेवली. आपल्या कानातली जोडी मोडून नवीआईनं होणाऱ्या सुनेसाठी ती घडवून घेतली होती. लग्नात हीच तिच्या बोटात चढवायची, हे मनाशी पक्कं केलं होतं. खडा गडद लाल, राखेत उरलेल्या निखाऱ्यासारखा.

“अय्या, माणिक?” होणारी सून वाकून बघत म्हणाली.

“तामडा. उपरत्नात येतो,” सराफ म्हणाला.

“उप म्हणजे खोटा?”

“खोटा कसा असेल?” नवीआई फणकारली. “तोही जमिनीतूनच निघतो. मोठ्यांच्या पंगतीत त्याला कुणी पाट मांडला नाही, एवढंच.”

सून खुदकन हसली. अंगठी घालून तिनं हात लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. “मला हीच हवी. हिरा काय, ज्याच्या त्याच्या बोटात असतो. माझ्या मैत्रिणी हल्ली असेच वेगळे खडे शोधत हिंडतात. लग्नात हीच घालते हं, नवीआई.”

“बघ बाई. बोट तुझं, हौस तुझी,” नवीआई तोऱ्यात म्हणाली. काळीज मात्र सुपाएवढं झालं होतं.

मुलगा इतका वेळ फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्यानं खिशातून डबी काढून मखमलीवर ठेवली.

“ती घाल की हौसेला. लग्नात ही. आईची.”

डबीत हिरा होता. दर वर्षी कपाट झाडताना नवीआईनं ती डबी पुसून जागच्या जागी ठेवली होती. उघडली कधीच नव्हती.

“अरे, पण नवीआईंनी स्वतःच्या कानातले मोडून...” सून चाचरली.

“नवीआईला काय वाटायचंय? हो ना गं? आणि ती रोजच्या वापराला छानच आहे.”

“मला वाटायला वेळ कधी मिळाला?” नवीआई म्हणाली. मुलाला तो विनोद वाटला. तो मनापासून हसला.

सराफानं हिऱ्याची अंगठी भिंगाखाली धरली. “आतून नाव कोरलंय. आई, तुमचंच का हे?”

“नाही. घरधनिणीचं. पहिलीचं.”

सराफानं गडबडीनं भिंग खाली घेतलं. “तसं पुसट झालंय. घासून काढू का? मग सूनबाईंचं घालता येईल.”

“नको, नको. आईचं नाव आहे, राहू दे,” मुलगा म्हणाला.

“घासून जायचं नाही हो ते,” नवीआई म्हणाली. “घरातल्या भांड्याभांड्यावर तेच आहे. मी घासतेय ना इतकी वर्षं.”

सराफानं मग विषय बदलावा म्हणून सुनेच्या बोटातली लाल अंगठी मागून घेतली, आतून निरखली.

“हिच्यातही कोरून देतो. देणाऱ्याचं नाव असलं की बरं. पण जागा फार नाही. दोनच अक्षरं मावतील.”

नवीआईनं मुलाकडे पाहिलं. सुनेनंही पाहिलं. तो हिऱ्याच्या डबीचं झाकण जपून लावत होता.

“दोनात कसं बसेल?” मान वर न करता तो म्हणाला. “नवीआईला चार लागतात.”

नवीआईचा हात आपसूक कानाकडे गेला. पाळीतल्या रिकाम्या भोकावर बोट ठेवून ती तशीच दिव्याखाली बसून राहिली.