चाकातली हवा

इंदूरबाहेर राऊचा चढ लागला तसे प्रतापराव सायकलीवरून उतरले आणि ढकलत चालू लागले. मागून कारखान्यातला मानस आला. तो काही उतरला नाही.

"भिया, ढकललेले किलोमीटर धरत नाहीत हां!"

"मी सायकलला आराम देतोय," प्रतापराव म्हणाले.

त्यांचे आजोबा होळकरांच्या घोडदळात होते. एका दमात महेश्वर गाठायचे म्हणे. घोडा कुणी पाहिला नव्हता, पण गोष्ट घरात दर दिवाळीला चार कोस लांब व्हायची. नातू एकोणसाठाव्या वर्षी पाइपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होता आणि आता सायकल हाणत होता.

कारखान्यानं पैज लावली होती. दहा जणांनी महिन्याभरात तीन हजार किलोमीटर पूर्ण केले, तर भंवरकुआंच्या मोफत कायदा सल्ला केंद्राचा वर्षाचा खर्च कंपनी उचलणार. नाही केले, तर केंद्राला कुलूप. पहिल्या दिवशी तिथल्या विनीता वकील कँटीनमध्ये येऊन हात जोडून बोलल्या होत्या. "घरगुती भांडणं, पोटगी, मुलांचा ताबा, सगळं आम्ही फुकट बघतो. पैशाअभावी जुनी प्रकरणंही अडकून पडलीत. आणि एक नियम आहे. एका घरातला एकच पक्ष घेतो. जो आधी येईल तो."

"म्हणजे भांडण झालं की पहिले तुमच्याकडे पळायचं!" मानस ओरडला. सगळे हसले.

प्रतापराव हसले नाहीत. ज्यांना नवं प्रकरण द्यायचंय त्यांच्यासाठी कँटीनच्या दाराशी केंद्राची एक पेटी ठेवली होती. केंद्र वाचलं तरच ती उघडणार होती. सगळे समोशांकडे वळल्यावर त्यांनी तिच्यात आपल्या नावाची चिठ्ठी टाकली.

बायकोशी, प्रेमलताबाईंशी, त्यांचं भांडण नव्हतं. तेच तर दुखणं होतं. तेहेतीस वर्षांत भांडायला लागणारं बोलणंसुद्धा संपून गेलं होतं. उरलं होतं ते दूध, गॅसची टाकी आणि "पंखा बंद करा". पुढच्या मार्चला रिटायरमेंट. मग दिवसभर समोरासमोर! नुसत्या विचारानंच त्यांना थकवा यायचा. गौतमपुऱ्याला काकांची एक खोली बंद पडून होती. तिची किल्ली आताशा खिशात असायची. कागदोपत्री वेगळं व्हायचं आणि तिथं एकट्यानं पडून राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. बाईंनी आधी केंद्र गाठायची भीती नव्हती. संक्रांतीपासून त्यांना भजनाचं वेड लागलं होतं. दर शनिवारी मंडळ. इंदुरात त्यांना दुसरा रस्ता माहीत असेल, असं प्रतापरावांना वाटत नव्हतं.

पण पैज लागली आणि घरात काही तरी बदललं.

दुसऱ्याच सकाळी पाहतात तर चाकांत हवा भरलेली. पंप भिंतीला टेकवलेला आणि बाईंच्या कपाळावर घाम.

"तू भरलीस?"

"मग कोण, तुमच्या आजोबांचा घोडा?"

त्या दिवसापासून डब्यात डिंकाचा लाडू येऊ लागला. संध्याकाळी दारातच प्रश्न, "आज किती झाले?" स्वयंपाकघराच्या दारामागे बाई खडूनं आकडे लिहू लागल्या. नुसते नवऱ्याचे नाही, दहाही जणांचे.

"तो तुमचा मानस आज का नाही गेला?"

"साळ्याचं लग्न आहे त्याच्या."

"लग्नं काय, होतच राहतात," बाई म्हणाल्या. "इथं लोकांची कामं अडकलीत."

शेवटच्या शनिवारी प्रतापरावांच्या पोटऱ्यांत गोळे आले. साठ किलोमीटर बाकी होते आणि एकच दिवस. दोघं आजारी, बाकीचे मानसबरोबर वरातीत. ते पलंगावर आडवे झाले. "होऊ दे हार. बहुत हुआ."

प्रेमलताबाई भजनाहून आल्या होत्या. त्यांनी मोहरीचं तेल कोमट केलं आणि पायथ्याशी बसून त्यांच्या पोटऱ्या चोळू लागल्या. हा हात अंगाला लागून किती वर्षं झाली, प्रतापरावांना आठवेना.

"उद्या जायचंच हं," त्या हळूच म्हणाल्या. "एवढं माझ्यासाठी करा. मी हवा भरून ठेवलीय."

प्रतापरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं. एकोणसाठ वर्षांच्या माणसानं डोळे पुसताना दिसू नये.

रविवारी उजाडताच ते निघाले ते थेट गौतमपुऱ्याला. बासष्ट किलोमीटर. उन्हानं डोकं तापलं, चेन दोनदा उतरली. काकांच्या खोलीपुढं ते उभे राहिले. किल्ली काढली, कुलपाकडे पाहिलं आणि किल्ली शेजाऱ्याच्या हातावर ठेवली. "गवत-भुसा ठेवायचा तर ठेव बाबा." सायकल बसच्या टपावर टाकून ते घरी आले.

"झाले?" बाईंनी दारातच विचारलं.

"झाले."

बाई हसल्या. कितीतरी वर्षांनी. रात्री पानात श्रीखंड होतं.

पुढच्या शनिवारी बाई भजनाला निघून गेल्यावर प्रतापराव भंवरकुआंला पोचले. कोचिंगच्या पाट्यांच्या गर्दीत केंद्राचा जिना सापडायला वेळ लागला. वर विनीताजी उघडलेली पेटी पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. त्यांना पाहून त्या उठून उभ्या राहिल्या.

"तुमच्यामुळे वाचलो, प्रतापरावजी. अडकलेली सगळी प्रकरणं या आठवड्यात कोर्टात लावली."

"मॅडम, त्या पेटीत माझी एक चिठ्ठी होती." त्यांचे कान तापले. "ती परत हवी होती. आता गरज नाही उरली."

विनीताजींनी चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली आणि नजर खाली वळवली.

"तशीही ती आम्हाला घेता आली नसती. तुमच्या घरातून संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी येऊन गेल्यात."